अण्णाभाऊ साठे : वर्गजाणिवेचा शाहीर

दिंडोशी, प्रतिनिधी – मालाडच्या खाणींतील दगडावर दक्षिण मुंबईतील अनेक जुन्या इमारती उभ्या राहिल्या. तो फोडणाऱ्या हातांची नोंद मात्र कुठल्या कोनशिलेवर नाही. उपनगरातील अशाच एका खाणीवर राबणारा भीमा अण्णाभाऊ साठे यांनी 'स्मशानातील सोनं' या कथेत अजरामर केला. खाण बंद पडते, पोटासाठी भीमा मढी उकरून सोने शोधू लागतो आणि त्यात हाताची बोटे गमावतो. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू होणार असल्याची बातमी येते; दगड फोडणारा हात मात्र निकामी झालेला असतो.

हे दारिद्र्य अण्णाभाऊंनी पुस्तकात वाचलेले नव्हते. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावी मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा जवळजवळ लाभलीच नाही. वडिलांसोबत पायी मुंबई गाठल्यानंतर त्यांनी हमाली केली, फेरीवाल्याचे काम केले, गिरणीत मजुरी केली. अक्षरओळखही त्यांना याच शहराने दिली.

केवळ समान हलाखीमुळे माणसे संघटित वर्ग बनत नाहीत. समान हितसंबंधांची जाणीव आणि संघर्ष यांतूनच ती स्वतःसाठी उभा राहणारा वर्ग बनतात, असे कार्ल मार्क्सने १८४७ मध्ये मांडले होते. खाणकामगार असूनही भीमा एकटा आहे. म्हणूनच तो हरतो. ही जाणीव निरक्षर कामगारापर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न अण्णाभाऊंनी तमाशाच्या फडावर सोडवला. कम्युनिस्ट पक्षात आल्यावर १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. गण-गवळणीची जुनी चौकट मोडून त्यांनी वगात सावकार, जमीनदार आणि गिरणीमालक आणले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही त्यांची शाहिरी कामगार वस्त्यांत घुमली.

मात्र भारतीय कष्टकऱ्यांची फाळणी जातीने आधीच केली आहे, हे सत्य त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९५८ मध्ये मुंबईतील दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना, जगाचा भार पुराणातला शेषनाग नव्हे तर दलित व कामगार पेलतात, असा विचार त्यांनी मांडला. १९५९ ची 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. मार्क्स आणि आंबेडकर यांतील एकाची निवड करण्याचा आग्रह पुढे अनेकांनी धरला. अण्णाभाऊंच्या लेखणीला ती निवड कधी आवश्यक वाटली नाही.

१९६१ मध्ये 'फकिरा'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी सोव्हिएत रशियाचा प्रवास केला. मात्र कीर्तीने चूल पेटली नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे काढली आणि बरेचसे लेखन तिथेच केले. अखेरच्या काळात ते दिंडोशीशेजारच्या गोरेगावात, सिद्धार्थनगरात राहायला आले. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

२००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. त्यांना आपला म्हणणारे गट आज अनेक आहेत. भीमाचा प्रश्न मात्र उपनगरातील कंत्राटी कामगारांच्या नाक्यांवर रोज सकाळी उभा असतो. ती माणसे एकमेकांशेजारी उभी असतात. एकत्र अजून उभी राहिलेली नाहीत.