विश्लेषण : जंगलतोड आणि आटते पाणी यांचा संबंध सांगणारे हम्बोल्ट कोण?

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांचा जन्म १७६९चा, बर्लिनमधला. सरकारी खाणखात्यात नोकरी होती. १७९६मध्ये आई वारली, वारशाचा पैसा हाती आला आणि त्यांनी नोकरी सोडून प्रवासाची तयारी सुरू केली.

व्हेनेझुएलात काय पाहिले?

जुलै १७९९मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लां यांच्यासह ते कुमाना बंदरात उतरले. समुद्रकिनारा, डोंगर, यानोसची उन्हाने भाजलेली गवताळ मैदाने, ओरिनोकोकाठचे दाट जंगल अशी त्या देशाची वेगवेगळी रूपे त्यांनी पाहिली. ओरिनोकोला अॅमेझॉनच्या खोऱ्याशी जोडणारा कासिकियारे हा प्रवाहही त्यांनी होडीतून पार केला.

महत्त्वाचे काय सापडले?

१८००मध्ये व्हॅलेन्सिया सरोवराचे पाणी ओसरत होते. ते जमिनीखालच्या वाटेने निघून जाते, असा स्थानिकांचा समज होता. हम्बोल्ट यांनी वेगळे कारण दिले. मळ्यांसाठी झाडे तोडली गेली होती, ओढ्यांचे पाणी शेतीकडे वळवले होते. झाडे गेली की जमीन ओलावा धरत नाही आणि पावसाबरोबर मातीही वाहून जाते, हे त्यांनी मांडले.

वारशाचा पैसा प्रवासात आणि पुस्तके छापण्यात संपला. १८५९मध्ये, ८९व्या वर्षी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. माणूस निसर्ग बिघडवू शकतो, हा आजचा इशारा त्यांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्या सरोवराकाठी दिला होता.