दिनकर केळकर आणि आमची कट्यार

पुण्यातील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयाचे नाव मी प्रथम ऐकले तेव्हा हे राजे कुठल्या संस्थानचे असावेत असा प्रश्न मला पडला होता. माझ्यासारखे अज्ञान आणखी कितीजणांचे असेल कोण जाणे! केळकर राजे नव्हते, सरदारही नव्हते. चष्म्यांचा घरचा व्यवसाय सांभाळणारे ते एक साधे पुणेकर होते. राजा हे त्यांच्या मुलाचे नाव. मधले दिनकर हे त्या मुलाच्या वडिलांचे, आणि शेवटी आडनाव. शाळेच्या पटावर लिहितात तसे ते एका मुलाचे पूर्ण नाव आहे. तो मुलगा लहानपणीच वारला. पटावरचे नाव पुसले गेले, आणि वडिलांनी ते एका संग्रहालयाच्या दारावर लिहिले.

हे समजले आणि त्या माणसाविषयी अधिक वाचावेसे वाटू लागले. त्याला आमच्या घरचेही एक कारण होते.

खेड तालुक्यातल्या आमच्या घरात जुनी म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे एक कट्यार. भावकीत लग्न निघाले की ती बाहेर येई. टोकाला लिंबू टोचून ती नवरदेवाच्या हाती देत. लग्न आटोपले की आजी ती पुसून फडक्यात गुंडाळून ठेवी. माझ्या वडिलांच्या लग्नानंतर दोन वर्षांनी जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी गावात आला. आजोबांनी ती त्याला बाराशे रुपयांना दिली. विहिरीची मोटर जळाली होती आणि पीक वाळत होते. त्याबद्दल आजोबांना दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही. पण ती कट्यार कोणाची, कोणत्या काळातली, याची एक ओळही आमच्याकडे नाही. आजी म्हणते, ती चाकणच्या लढाईतली. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेपुढे चाकणचा किल्ला सुमारे दोन महिने लढवला, तेव्हा आमचा कोणी पूर्वज आत होता म्हणे. असेलही, नसेलही. पुरावा म्हणून आता वडिलांच्या लग्नातला एक फोटो तेवढा उरला आहे. त्यातही मूठ हाताखाली झाकली गेली आहे.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. तरुणपणी ते कविता करीत आणि त्या ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने छापत. इतिहासाची ओढ होतीच. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास सुरुवात केली. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. पेशवाई १८१८ साली बुडाली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगण्यास परवाना लागू झाला. ज्या तलवारीवर घराणी उभी राहिली, ती तलवार माळ्यावर गेली. वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या. पितळेची समई वजनावर विकली जाई आणि नक्षीदार दरवाजा सरपणाच्या भावाने जाई. अशा वस्तूंना किंमत नव्हती, म्हणूनच एका मध्यमवर्गीय माणसाला त्या घेणे शक्य झाले. आणि किंमत नव्हती म्हणूनच, त्यांनी घेतल्या नसत्या तर त्या उरल्याही नसत्या.

पुढे राजा गेला. मूल गेलेल्या बापाचे दुःख मला काय कळणार? पण जो संग्रह एका हौशी माणसाचा होता, तो आता एका मुलाचे स्मारक झाला. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबर होत्या. केळकर महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही हिंडले. त्यांनी जे जमवले ते पाहिले की नवल वाटते. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, दौती आहेत, कुंकवाचे करंडे, वाद्ये, खेळणी आणि पाय घासायच्या वज्र्‍यासुद्धा आहेत. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. शस्त्रांच्या दालनात तलवारी, कट्यारी, ढाली आणि चिलखते आहेत. माशांच्या खवल्यांचे एक चिलखत तर मी दोनदा परत जाऊन पाहिले. राजाची तलवार आणि कोण्या अनाम बाईचा अडकित्ता या दोहोंना केळकरांनी सारखाच मान दिला, हे मला सर्वांत मोठे वाटते.

१९६२ पर्यंत सुमारे पंधरा हजार वस्तू झाल्या होत्या. पुढे केळकरांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. पंधरा हजार हा आकडा आज आपल्याला सांगता येतो, याचा अर्थ कोणीतरी बसून त्या वस्तू मोजल्या, लिहिल्या. आज संग्रह वीस हजारांच्या वर गेला आहे आणि सुमारे अडीच हजार वस्तू मांडलेल्या असतात. केळकर १७ एप्रिल १९९० रोजी वारले. चौऱ्याण्णव वर्षांच्या आयुष्यातली सत्तर वर्षे त्यांनी या एका कामाला दिली.

मी पिंपरीहून मेट्रोने मंडईला उतरून ते संग्रहालय पाहायला गेलो, तेव्हा कट्यारींच्या कपाटापुढे बराच वेळ उभा होतो. आमची कट्यार तिथे नव्हती, असण्याचे कारणही नव्हते. पण त्या काचेत मांडलेल्या प्रत्येक कट्यारीमागे असेच एखादे घर असणार, एखादी जळालेली मोटर असणार, हे मनात आले. वस्तू जपली गेली, तरी ती कोणाच्या घरातून आली ही हकिकत सोबत आली नाही तर निम्मी वस्तू बाहेरच राहते.

आता काळ उलटा झाला आहे. मे २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात टिपू सुलतानाची एक तलवार सुमारे एक कोटी चाळीस लाख पौंडांना गेली. पोलाद आणि सोने यांची ही किंमत नव्हे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ती जनरल बेअर्ड यांना देण्यात आली, हे लिहून ठेवलेले होते. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्याच लिलावातून सर्व खर्चासह सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना परत आणली. ती ओळखता आली, कारण तिच्या पात्यावर मालकाचे नाव आणि सेनासाहेबसुभा हे पद देवनागरीत कोरलेले आहे. नोंद असेल तर वस्तू बोलते, आणि तिचा भावही चढतो. नोंद नसेल तर ती विकणाऱ्याच्या घरी बाराशेची असते आणि पुढच्या दुकानात तिला हवी ती कथा चिकटवता येते.

माझे वडील भोसरीत एका लहान वर्कशॉपच्या टूलरूममध्ये काम करतात. खंडेनवमीला तिथे मशिनींची आणि हत्यारांची पूजा असते. यंदा मी प्रसादाला गेलो होतो. साध्या गेजवरही नंबर कोरलेला होता, आणि प्रत्येकाचे एक कार्ड होते. तो कधी घेतला, केवढ्याला घेतला, कधी तपासला, कोणाकडे दिला, सारे त्यावर लिहिलेले. मी वडिलांना म्हणालो, आपल्या कट्यारीचे असे कार्ड असते तर? ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी लग्नाचा अल्बम काढून माझ्यापुढे ठेवला.

आमच्या धाकट्या चुलत्यांकडे अजून एक जुना पट्टा आहे. दिवाळीत एकजण येऊन त्याचे चाळीस हजार सांगून गेला. काकांच्या मुलीला नर्सिंगला घालायचे आहे, त्यामुळे चाळीस हजार ही लहान रक्कम नव्हे. विकू नका असे सांगण्याचा मला काय अधिकार? मी एवढेच म्हणालो, काका, आधी लिहून ठेवू. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि परवानगीवाचून त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, असा १९७२ चा कायदा आहे, तेही सांगितले. मग आम्ही दोघांनी ओसरीवर बसून पट्टा मोजला. पात्याची लांबी, मुठीचा घेर, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, घासून अस्पष्ट झालेली एक खूण. दसऱ्याला विटकरीने घासायचे यापुढे बंद, असे काकूंना विनवले, कारण घासण्यात अक्षरे जातात. पट्टा घरात कोणाकडून कोणाकडे आला, हे आजीने सांगितले ते ‘आजीच्या सांगण्यावरून’ असे स्पष्ट लिहिले. चाकणच्या लढाईचा उल्लेखही तसाच केला. खरे म्हणून नव्हे, ऐकीव म्हणून.

दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर तो पट्टा आहे. काकांनी अजून काही ठरवलेले नाही. तो माणूस परवान्याचे विचारल्यापासून फिरकला नाही, पण दुसरा येईल. दुसऱ्या पानावर मी वडिलांचा लग्नातला फोटो चिकटवला आहे आणि खाली लिहिले आहे: कट्यार, एक. मूठ दिसत नाही. विकली. किंमत रुपये १२००. कोणाला, ते माहीत नाही.

— द्वितीय वर्ष कला