रॉजर विल्यम्स : मतभेद राखूनही शेजारी राहिलेला मनुष्य

एकाच देवाचे भजन करणारे लोक एकमेकांस गावाबाहेर का घालवितात, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील कित्येकांस पडला असेल. गावात तंटा उपस्थित होतो तेव्हा त्याच्या मुळाशी पुष्कळदा शेताचा बांध नसतो. आपले मत तेच देवाचे मत, असे मानणारा अभिमान असतो. ह्या रोगाशी जन्मभर झुंजलेल्या एका मनुष्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. तो स्वतःही त्या रोगापासून सर्वस्वी मुक्त नव्हता. म्हणूनच आपल्यासारख्यांस त्याचे चरित्र उपयोगी आहे.

रॉजर विल्यम्स ह्याचा जन्म इ. स. १६०३ च्या सुमारास लंडन येथे झाला. केंब्रिज येथे विद्या संपादन करून तो पाळक झाला. त्या काळी इंग्लंडात राजाने ठरविलेल्या रीतीनेच उपासना करावी लागे. न करणाऱ्यास दंड व तुरुंग भोगावा लागे. म्हणून इ. स. १६३१ मध्ये तो आपली पत्नी मेरी हिच्यासह अमेरिकेत बोस्टन येथे गेला. तेथील प्युरिटन लोक स्वतः छळास कंटाळून समुद्र ओलांडून आले होते. परंतु हाती सत्ता येताच त्यांनीही तोच कित्ता गिरविला. भिन्न मताच्या मनुष्यास त्यांच्या वसाहतीत थारा नव्हता.

विल्यम्साने तेथे दोन गोष्टी निर्भयपणे सांगितल्या. मनुष्याचा देवाशी जो व्यवहार, त्यात सरकारी अधिकाऱ्यांनी हात घालू नये, ही पहिली. आणि ही भूमी मूळ रहिवाशांची असल्यामुळे ती त्यांच्यापासून विकत घेतल्यावाचून राजाच्या सनदेने कोणाची होत नाही, ही दुसरी. इ. स. १६३५ च्या आक्टोबरात त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. पुढील जानेवारीत त्याला पकडून इंग्लंडास धाडण्याचा बेत ठरला, तेव्हा तो भर हिमवर्षावात घर सोडून निघाला. ज्यांना त्याचे जातभाई रानटी म्हणत, त्या मूळ रहिवाशांनीच त्या हिवाळ्यात त्याला आसरा दिला.

इ. स. १६३६ मध्ये नॅरागॅन्सेट लोकांचे नायक कॅनोनिकस व मिअँटोनोमी ह्यांच्यापासून जमीन मिळवून त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसविले. तेथील रहिवाशांनी असा करार केला की, बहुमताचा अंमल केवळ ऐहिक व्यवहारांत चालावा. लवकरच ह्या कराराची कसोटी लागली. जोशुआ व्हेरिन नावाचा गृहस्थ आपल्या पत्नीस विल्यम्साच्या सभेस जाण्यास मनाई करीत असे. नवऱ्याचा हा हक्कच आहे, असे म्हणणारेही गावात निघाले. तरीपण इ. स. १६३८ मध्ये गावाने व्हेरिनाचा मताधिकार काढून घेतला. स्त्रीच्या विवेकबुद्धीवर तिच्या पतीचीही सत्ता नाही, असा हा निवाडा होता.

ज्या वसाहतीने त्याला हाकलून दिले, तिच्यावर पीकॉट व नॅरागॅन्सेट लोक एकजुटीने चालून येतील, अशी भीती उत्पन्न झाली, तेव्हा तिने विल्यम्साचेच साहाय्य मागितले. तो मनात सूड न धरता वादळात होडी हाकीत नॅरागॅन्सेट नायकांकडे गेला, आणि त्याने ती जूट होऊ दिली नाही. हे त्याला साधले, कारण त्यांच्या झोपड्यांत राहून तो त्यांची भाषा शिकला होता. त्या भाषेचे त्याने रचिलेले पुस्तक इ. स. १६४३ मध्ये लंडनात छापले गेले. पुढल्याच वर्षी, धर्माकरिता छळ करू नये असे प्रतिपादणारे त्याचे पुस्तक निघाले; ते जाळून टाकण्याचा हुकूम पार्लमेंटाने दिला. परंतु त्याच साली वसाहतीची सनद त्याच्या हाती आली होती, आणि इ. स. १६६३ च्या राजसनदेने तर धर्मस्वातंत्र्य तेथे पक्के झाले.

आता आम्ही वाचकांचे लक्ष विशेषेकरून एका प्रसंगाकडे वेधितो. विल्यम्सास क्वेकर लोकांची मते मुळीच पटत नव्हती. बोस्टनात इ. स. १६५९ ते १६६१ ह्या काळात चार क्वेकरांस फाशी दिले. त्यांत मेरी डायर ही स्त्रीही होती. ऱ्होड आयलंड वसाहतीने मात्र, शेजाऱ्यांनी दटावले असताही, क्वेकरांस घालवून देण्याचे नाकारले. इ. स. १६७२ मध्ये विल्यम्स सत्तरीच्या घरात असता दिवसभर होडी वल्हवीत न्यूपोर्टास गेला आणि क्वेकरांशी तेथे तीन दिवस वाद करीत राहिला. तो कडक बोलला व पुढे त्याने कडक लिहिलेही; परंतु मतांकरिता त्यांचा छळ करा, असे त्याने म्हटले नाही. शब्दाला शब्दाने उत्तर द्यावे, आणि वाद संपल्यावर शेजाऱ्यास शेजारी राहू द्यावे, हा त्याचा मार्ग होता.

त्याच्या चरित्रातील काळी बाजू झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. इ. स. १६३७ च्या पीकॉट युद्धात त्याने इंग्रजांस माहिती पुरविली, आणि त्या युद्धात शेकडो पीकॉट स्त्रीपुरुष व मुले जाळून मारली गेली. इ. स. १६७६ मध्ये दुसऱ्या युद्धात प्रॉव्हिडन्स गाव जळाले, त्यात त्याचेही घर गेले. नंतर धरलेल्या मूळ रहिवाशांस दास्यात विकण्याच्या कामी त्याने भाग घेतला. ज्यांनी हिवाळ्यात आसरा दिला, त्यांच्याशी जोडलेले नाते भय व क्रोध ह्यांपुढे टिकले नाही. ते वाचून आम्हांस दुःख होते, आणि स्वतःविषयी धाकही वाटतो. इ. स. १६८३ मध्ये तो निवर्तला. मॅसॅच्युसेट्सने त्याच्या हद्दपारीचा ठराव रद्द केला तो इ. स. १९३६ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनंतर.

वाचकहो, विल्यम्साने आपली मते सौम्य केली नाहीत. त्याच्याइतका कडक मनुष्य त्या प्रांतात विरळा. त्याने केवळ मताच्या हातातली काठी काढून घेतली. आमच्या गावी पुढला वाद निघेल तेव्हा दुसऱ्याचे पाणी व वाट बंद करण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर त्याने त्या म्हाताऱ्याची होडी आठवावी. वाद करावयाचाच असेल तर त्याच्या दारी जाऊन करावा, आणि परत येताना ते दार उघडेच ठेवून यावे.