फाळकेंचे डोळे आणि भिंगाची करामत

आमली (सिल्वासा) : आमलीहून खानवेल, जव्हार, मोखाडा असा घाट चढत नाशिककडे निघालं की वाटेत त्र्यंबकेश्वर लागतं. महादेवाच्या दर्शनाला इथून कायम गाड्या जातात. याच त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. तेव्हा नगर हवेली पोर्तुगिजांकडे होती आणि सिनेमा जगात कुठेच नव्हता. पुढे भारताला सिनेमा दिला तो याच माणसाने. पण त्या सिनेमासाठी त्यांनी स्वतःचे डोळे पणाला लावले होते, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही.

वडील संस्कृतचे विद्वान. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश झाला, नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. तिथेच कॅमेरा हातात आला आणि भिंगाशी जन्माची गाठ पडली.

भिंग म्हणजे काय, तर काचेच्या गोळ्याचा कापलेला तुकडा. पूर्ण गोल काचेचा मणी छापील अक्षरावर ठेवला तर अक्षर मोठं दिसतं, पण मधलंच, कडेचं फिसकटतं. कारण कडेने शिरलेले किरण जास्त वाकतात आणि मधल्या किरणांच्या आधीच एकत्र येतात. म्हणून चांगल्या कॅमेऱ्यात एकच जाड भिंग न घालता वेगवेगळ्या बाकाची अनेक भिंगं एकामागे एक बसवतात. एकाची चूक दुसरं भरून काढतं. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर असं अर्धगोलासारखं भिंग दिव्यापुढे लावलं की चहूकडे पसरणारा उजेड गोळा होऊन पुढे जातो. जादूच्या कंदिलाचं गुपित तेच. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी शाम्बरिक खरोलिकेचे खेळ केले, तेही याच जोरावर.

फाळकेंनी गोध्र्यात फोटोचा धंदा टाकला. तिथे प्लेगची साथ आली आणि १९०० मध्ये पत्नी व मूल दोघेही गेले. ते बडोद्याला परतले, पुन्हा दुकान मांडलं. पण कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की माणूस लवकर मरतो, अशी समजूत लोकांत होती. गिऱ्हाईक फिरकेना. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. त्या सरस्वतीबाई. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी झाली, मग छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला ते जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीत फाळके हात हलवत बाहेर पडले.

अशा दिवसांत मुंबईत गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने झोप उडाली. लहानसं यंत्र आणि काही फिती मिळवून रात्री घरातच प्रयोग सुरू झाले. मेणबत्तीचा उजेड भिंगातून फितीवर पाडायचा आणि भिंतीवर चित्र उमटवायचं. भिंगातून गेलेली प्रतिमा उलटी पडते, म्हणून फीत उलटी धरायची, तेव्हा भिंतीवर सुलटं दिसतं. शिवाय रोज चार-पाच तास थिएटरात बसून सिनेमे बघायचे. झोप नाही, खाणं धड नाही. नातेवाइकांनी तर वेडच लागलं असं धरलं.

शेवटी डोळे दुखायला लागले आणि दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसाच्या डोळ्यातही एक भिंगच असतं; ते गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणतात. चित्रावर पोट असलेला माणूस, पदरात लेकरं, आणि समोर अंधार. मुंबईचे नेत्रवैद्य डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले आणि दृष्टी परत आली. काचेच्या भिंगापायी गेलेली नजर काचेच्या भिंगानेच परत दिली म्हणायचं.

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. फाळकेंनी उलट आयुष्याच्या विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोट धरून लंडन गाठलं. चित्रपट कसा बनतो ते पाहिलं, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि परतले. कच्च्या फितीला कडेने भोकं पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई शिकल्या.

भांडवलदाराला पटवायला त्यांनी युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. बी फुटतंय, वेल चढतोय हे डोळ्यांदेखत पाहून पैसा देणारे तयार झाले. तरी कमी पडलेल्या रकमेसाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच.

त्या काळी चित्रण उन्हाच्या भरवशावर चाले. भिंगात पुरेसा उजेड शिरला नाही तर फितीवर काहीच उमटत नसे. स्त्रिया काम करायला येईनात, म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. दादरच्या घरी सगळ्या मंडळींचं जेवण सरस्वतीबाई रांधत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि भारतीय सिनेमाचा मुहूर्त झाला. त्यानंतर नाशिकला मुक्काम हलला. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ लोकांनी डोक्यावर घेतले.

बोलपट आला आणि फाळके मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचं मोठं काम. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा हाताशी पैसा फारसा नव्हता. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे.

आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलला नखाएवढं भिंग आहे आणि सिनेमा काढायला पॉलिसी गहाण टाकावी लागत नाही. त्र्यंबकला दर्शनाला जाणाऱ्यांनी तिथे फोटो काढताना या गावच्या धुंडिराजाची आठवण ठेवावी, एवढं तरी त्याचं देणं लागतं.