कुंभाराच्या हातातील माती : पंडिता रमाबाई

कुंभाराचे चाक फिरताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. घडता घडता भांडे बिघडले, तरी कुंभार माती टाकून देत नाही. तोच गोळा पुन्हा मळून त्याचे दुसरे भांडे करितो. मात्र माती ओली असावी लागते. यिर्मया संदेष्ट्याने कुंभाराच्या घरी हाच धडा घेतला. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना आम्हांस त्या ओल्या मातीची आठवण होते. त्यांची कर्मभूमी आपणांपासून दूर नाही. बारामतीहून आगगाडीने पुण्यास जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते; इंदापूरकरांस ते पुण्याच्या रस्त्यावर चौफुल्याजवळ सापडते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले आणि मातेने ती विद्या कन्येस दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले. पुढे दुष्काळाने आईवडील व थोरली बहीण हिरावून नेली. रमाबाई भावासह पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मोरोपंतांच्या बारामतीस संस्कृत विद्येचे मोल आम्ही काय सांगावे? त्या काळी एका स्त्रीस हा मान मिळणे अपूर्वच होते.

परंतु दुःखाने पाठ सोडली नाही. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. लहानग्या मनोरमेस घेऊन रमाबाई इंग्लंडास गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे चरित्र संपले असे पुष्कळांस वाटेल. वस्तुतः खरी घडण पुढेच व्हावयाची होती. रमाबाईंची बुद्धी स्वतंत्र होती. गुरुजनांनी सांगितलेले मत त्या विचारल्यावाचून स्वीकारीत नसत. हा काही दोष नव्हे. तथापि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस उमगले की, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, पण स्वतः ख्रिस्त लाभला नाही. एवढी कीर्ती मिळाल्यावर हे आपल्याशीच कबूल करणे केवढे कठीण! त्यांनी आपले पाप व आपली असमर्थता मान्य केली आणि स्वतःच्या पुण्याईचा आधार सोडून प्रभूच्या कृपेवर भार टाकिला. हाच पश्चात्ताप होय. केवळ रडणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. तोंड फिरवून ईश्वराकडे चालू लागणे म्हणजे पश्चात्ताप.

या समर्पणाने त्यांचा मार्ग सोपा झाला नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले व पुढे पुण्यास आणलेले शारदासदन १८९३ साली वादात सापडले. मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात म्हणून सल्लागार मंडळींनी संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही त्या खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींस घेऊन आल्या. आपल्या बालपणीची भूक त्या विसरल्या नव्हत्या. जे दुःख त्यांस मोडून टाकील असे वाटले होते, त्यातूनच ईश्वराने अनाथांची आई घडविली. केडगावच्या मुक्तिसदनात पुढे शेकडो मुली व विधवा शेती, विणकाम, छपाई शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. १९०५ साली तेथे मोठी जागृती झाली. मुली अश्रू ढाळीत आपली पापे कबूल करू लागल्या आणि त्यांच्या टोळ्या खेडोपाडी सुवार्ता सांगावयास निघाल्या.

आम्हांस सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे अखेरचे काम. संस्कृतात सभा जिंकणाऱ्या या विदुषीने उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या खेडूत बाईसही समजावे म्हणून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. आपले पांडित्यही त्यांनी कुंभाराच्या हाती दिले. १९२१ साली मनोरमा वारली; तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूजवळ गेल्या.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेतील गुण व लोकांची शाबासकी ही चांगलीच. पण ती अंगी वाळून मन कठीण होऊ देऊ नका. चूक झाली तर ती आईवडिलांजवळ, गुरुजनांजवळ व ईश्वराजवळ कबूल करा. माती ओली आहे तोवर कुंभाराचे चाक थांबत नाही.