अनसूयाबाई काळे : नागपूरच्या पहिल्या खासदार

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली, तेव्हा नागपूरच्या मतदारांनी लोकसभेवर एका स्त्रीला निवडून दिले. १९५७ मध्ये त्यांनी पुन्हा तिच्यावरच विश्वास टाकला. त्या होत्या अनसूयाबाई काळे. आज शहरातल्या नव्या पिढीला हे नाव फारसे ठाऊक नाही. स्त्रियांच्या संसदेतील प्रतिनिधित्वाची चर्चा निघते तेव्हा मात्र त्यांचे चरित्र आवर्जून आठवावे असे आहे.

अनसूयाबाईंचा जन्म १८९६ साली बेळगावचा. माहेरच्या त्या भाटे. मुलींना शिकविणे हेच धाडस मानले जाई अशा त्या काळात त्यांचे शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत आणि पुढे बडोद्याच्या महाविद्यालयात झाले. विवाहानंतर नागपूर ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथे त्यांनी भगिनी मंडळाची स्थापना करून स्त्रियांना घराबाहेर एकत्र येण्यासाठी हक्काची जागा मिळवून दिली. १९२७ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेशीही त्यांचा निकटचा संबंध आला. स्वातंत्र्याच्या सुमारास या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

स्त्रियांना कायदेमंडळात बसण्याचा अधिकार नुकताच मिळू लागला होता. मद्रासमध्ये १९२७ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी सभागृहात आल्या आणि पाठोपाठ १९२८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर अनसूयाबाईंची नियुक्ती झाली. पुरुषांनी भरलेल्या त्या सभागृहात ही जागा सरकारकृपेने मिळालेली होती. परंतु तिचा मोह त्यांना पडला नाही. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होताच त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि कारावास पत्करला.

१९३५ च्या कायद्याने मतदार स्त्रियांची संख्या वाढली, पण मताधिकार मालमत्ता, शिक्षण किंवा पतीची पात्रता यांच्याशी बांधलेलाच राहिला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने अनसूयाबाईंची उपाध्यक्षपदी निवड केली. देशात असे पद सांभाळणाऱ्या पहिल्या मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते. ज्या सभागृहात नऊ वर्षांपूर्वी स्त्रीचे केवळ असणे हाच चर्चेचा विषय होता, त्याच प्रांताच्या सभागृहाचे कामकाज आता एक स्त्री चालवीत होती.

त्यांच्या कार्याची खरी कसोटी लागली ती १९४२ मध्ये. १६ ऑगस्ट रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाले. त्यात सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले. नंतर चिमूरवर लष्कर व पोलिसांचा जो बडगा उगारला गेला, त्याची सर्वाधिक झळ तेथील स्त्रियांनी सोसली. चौकशीच्या मागणीसाठी प्रा. भन्साळी यांनी प्रदीर्घ उपोषण केले. खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. त्यांचे प्राण वाचविण्यासाठी अनसूयाबाईंनी जिवाचे रान केले. पुढे गांधीजींनीही या कैद्यांसाठी व्हाइसरॉयकडे शब्द टाकला. अखेर १९४५ मध्ये फासावर जाण्याची वाट पाहणाऱ्या कैद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. खेड्यातल्या ज्या कुटुंबांचे कर्ते पुरुष त्यामुळे वाचले, त्यांच्या लेखी अनसूयाबाईंचे मोल कोणत्याही पदापेक्षा अधिक होते.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला. महिला परिषदेच्या धुरीण स्त्रियांनी राखीव जागांची मागणी केली नव्हती. समान हक्क मिळाले की स्त्रिया आपल्या गुणांवर सभागृहात येतील, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. संविधान सभेतील हंसा मेहता, रेणुका रे यांचीही भूमिका हीच होती. १९५२ मध्ये अनसूयाबाई खुल्या लढतीतून लोकसभेत पोहोचल्या आणि त्यांच्यापुरती ही श्रद्धा खरी ठरली. त्या सभागृहात पुण्याच्या इंदिराबाई मायदेव आणि मुंबई उपनगरच्या जयश्री रायजी याही होत्या. हिंदू विवाह आणि हिंदू वारसा हे कायदे याच लोकसभेने १९५५ व १९५६ मध्ये संमत केले. पहिल्या निवडणुकीच्या वेळी मध्य प्रदेशात असलेले नागपूर १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आले होते. राज्य बदलले, मतदारांचा कौल मात्र बदलला नाही. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत लोकनायक बापूजी अणे निवडून आले.

त्यानंतर नागपूरने अनेक नामवंत खासदार दिले, पण २०२४ पर्यंत त्यांत एकही स्त्री नाही. मराठवाड्यातही चित्र फारसे निराळे नाही. शिरूर अनंतपाळ तालुका ज्यात मोडतो, त्या लातूर मतदारसंघातून १९६२ पासून एकच स्त्री लोकसभेत गेली. २००४ मध्ये शिवराज पाटील यांना पराभूत करणाऱ्या रूपाताई पाटील निलंगेकर. याच तालुक्याच्या ग्रामपंचायतींत मात्र २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गावचा कारभार पाहणाऱ्या स्त्रीला दिल्लीचा रस्ता अजून लांबच आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत ७ आणि लोकसभेच्या ५४३ सदस्यांत ७४ स्त्रिया निवडून आल्या.

लोकसभा व विधानसभांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती संसदेने २०२३ मध्ये मंजूर केली. तिची अंमलबजावणी मात्र जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडण्यात आली. राखीव जागेविना दोनदा लोकसभा गाठणाऱ्या अनसूयाबाईंची वाट पुढे त्यांच्याच शहरातील दुसऱ्या कोणा स्त्रीला चालता आली नाही. त्यांच्या पिढीने नाकारलेल्या तरतुदीची गरज का भासली, याचे उत्तर त्यांच्या चरित्रापेक्षा त्यांच्यानंतरच्या साडेसहा दशकांतच अधिक स्पष्टपणे सापडते.