रॉबर्ट्स यांची चोख नोंद

जमाखर्च शिकणाऱ्या मुलाने तारे कशाला पाहावेत, असे कोणी विचारले की मला आयझॅक रॉबर्ट्स आठवतात. १८२९ साली वेल्समध्ये जन्मलेले हे गृहस्थ लिव्हरपूलला इमारती बांधण्याचा व्यवसाय करीत. आकाशाचा छंद त्यांनी उतारवयात वाढविला. मॅघल येथील घरी त्यांनी २० इंची आरशाची दुर्बीण बसविली.

२९ डिसेंबर १८८८ च्या रात्री त्यांनी देवयानीतील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. काचेवर चार तास प्रकाश पडू द्यायचा आणि तेवढा वेळ ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण सावकाश फिरवीत राहायची. जरा चूक झाली की ताऱ्याच्या बिंदूची रेघ होई! डोळ्यांना धूसर दिसणाऱ्या त्या ठिपक्याची सर्पिल वलये काचेवर उमटली. १८९५ साली त्यांना रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

तेथे नवी ग्रहमाला घडत आहे, असा रॉबर्ट्स यांचा समज होता. १९०४ साली ते वारले. पुढे १९२० नंतरच्या दशकात हबल यांनी ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखविले. तर्क चुकला, छायाचित्र मात्र खरे ठरले.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हे लवकर पटावे. बेरीज चुकली तर पुन्हा करता येते. मूळ नोंद तेवढी चोख हवी.